एका बहिणीच्या पतीसाठी

आमच्या मंडळीत दर रविवारी उपदेशाच्या आधी प्रार्थना विनंत्यांच्या चिठ्ठ्या वाचतात. दाराजवळच्या टेबलावर कागदाचे कापलेले तुकडे आणि दोऱ्याला बांधलेलं पेन असतं. येणाऱ्याने लिहायचं, घडी घालून डब्यात टाकायचं. कुणाचं ऑपरेशन असतं, कुणाची बारावी असते, कुणाच्या मुलीचं लग्न जमत नसतं. त्यात जवळजवळ सहा वर्षं एक चिठ्ठी न चुकता असायची. "एका बहिणीच्या पतीसाठी." नाव नसायचं. वाचणारे तेवढंच वाचायचे आणि पुढची घडी उघडायचे. ती बहीण कोण आणि तो पती कोण, हे सगळ्या मंडळीला माहीत होतं.

तो पती मी.

माझं काम पॅटर्नमेकरचं. कोल्हापूरच्या उद्यमनगरात किंवा शिरोली एमआयडीसीत ज्यांनी फाउंड्री, म्हणजे धातू ओतायचा कारखाना, पाहिला आहे त्यांना सांगायला नको, पण बाकीच्यांसाठी सांगतो. बिडाचं कास्टिंग ओतायच्या आधी वाळूत त्याचा साचा घ्यावा लागतो, आणि त्या साच्यासाठी लाकडाची हुबेहूब वस्तू करावी लागते. ती म्हणजे पॅटर्न. हुबेहूब म्हणालो, पण नेमकी तेवढीच नाही. बीड थंड होताना मीटरला साधारण 10 मिलिमीटर आकसतं, म्हणून पॅटर्न तेवढा मोठा करायचा. त्यासाठी आमची फूटपट्टीसुद्धा वेगळी असते. पॅटर्न वाळूतून अलगद निघावा म्हणून बाजूंना किंचित उतार द्यायचा. सगळा खेळ पटाशीचा, पॉलिश पेपरचा आणि हाताचा. हात चुकला की सागवान वाया आणि मालकाचं कास्टिंगही वाया.

आणि माझा हात कापायचा.

सकाळी सातला उठलो की दोन्ही पंजे थरथरत. चहाचा कप बशीवर वाजायचा, म्हणून बायको मला स्टीलच्या पेल्यात चहा द्यायची. कामावर जायच्या आधी देशीच्या दुकानात जाऊन अर्धी क्वार्टर पोटात टाकली की हात थांबायचा. हे बाहेरच्या माणसाला कळत नाही. लोक म्हणतात दारूने हात कापतो. माझा हात दारू मिळाली नाही की कापायचा, आणि तो स्थिर ठेवण्यासाठीच मी पीत होतो, असं मी स्वतःला सांगत होतो. संध्याकाळी साडेसहाला कारखाना सुटला की पुन्हा तेच दुकान. तिथून पुढे घरी किती वाजता आणि कसा पोहोचायचो, ते सांगण्यासारखं नाही.

मी ख्रिस्ती घरातला. आमच्या घरात विश्वास चार पिढ्यांचा. कोल्हापुरात रेव्हरंड आर. जी. वाइल्डर 1852 साली आले, त्यांच्या मिशनच्या शाळेत माझे पणजोबा अक्षरं गिरवायला शिकले, ही गोष्ट आजी प्रत्येक नाताळात करंज्या तळताना सांगायची. मी शब्बाथशाळेत वचनं पाठ करून बक्षिसं घेतलेला मुलगा. पण विसाव्या-बाविसाव्या वर्षी पगार हातात आला, मित्र मिळाले, आणि चर्चचा उंबरठा सुटला तो सुटलाच. बायको मात्र दोन्ही मुलांना घेऊन दर रविवारी जात राहिली. मी त्या वेळी अंथरुणात असायचो. ती जाताना दार हळू ओढून घ्यायची, मला जाग येऊ नये म्हणून. तो दाराचा आवाज अजून कानात आहे.

2019 च्या ऑगस्टमध्ये पूर आला तेव्हा आम्ही शाहूपुरीत कुंभार गल्लीच्या अंगाला भाड्याने राहत होतो. राजाराम बंधाऱ्यावर 43 फुटांना धोक्याची पातळी धरतात. त्या वर्षी पंचगंगा 55 फुटांच्या वर गेली. गणपती तोंडावर आलेले, गल्लीत निम्म्या रंगवलेल्या मूर्ती. कुंभारमंडळी रात्रभर टेंपो भरून मूर्ती उंचावर हलवत होती. त्यातल्याच एका टेंपोत, मूर्तींच्या मधल्या जागेत, आमच्या शेजाऱ्यांनी माझ्या बायकोला आणि पोरांना बसवलं आणि आमच्या चर्चच्या हॉलपाशी आणून सोडलं.

मी कुठे होतो? पुलापलीकडे एका मित्राच्या खोलीवर, पिऊन पडलेलो. पाणी वाढलं, महामार्ग शिरोलीजवळ बंद झाला, मी पलीकडेच अडकलो. तिसऱ्या दिवशी बोटीतून अलीकडे आलो तेव्हा घर कुठे आहे हे फक्त विजेच्या खांबावरून कळत होतं. कुणीतरी म्हणालं, तुमची माणसं चर्चमध्ये आहेत.

त्या हॉलमध्ये तेव्हा साठ-सत्तर माणसं असतील. ख्रिस्ती थोडी, बाकी आसपासच्या गल्ल्यांतली सगळ्या जातीधर्मांची. महिला मंडळाच्या बायका मोठ्या पातेल्यात पिठलं हाटत होत्या. नळाला पाणी नव्हतं, टँकरचं पाणी बादल्यांनी भरणं चाललं होतं. माझी मुलगी तेव्हा नऊ वर्षांची. तिने मला दारात पाहिलं आणि ती माझ्याकडे धावत आली नाही, आईच्या मागे गेली. मी दारातच खाली बसलो. कुणी मला बोललं नाही. एका म्हाताऱ्या माणसाने माझ्यापुढे पिठलं-भाताची ताटली ठेवली आणि शेजारी मांडी घालून तोही जेवायला बसला.

ते आमचे ड्रायव्हरकाका. एसटीतून निवृत्त झालेले, मंडळीच्या वडीलजनांपैकी एक. उभी हयात कोल्हापूर-रत्नागिरी गाडीवर, आंबा घाटात गेली. त्यांना सगळे ड्रायव्हरकाकाच म्हणतात.

त्या रात्री मी शपथ घेतली की आता थेंब घेणार नाही. मनापासून घेतली. आणि इथे मला एक गोष्ट ठळकपणे सांगायची आहे, कारण ती मला कुणी आधी सांगितली नव्हती. माझ्यासारख्या रोज, सकाळपासून पिणाऱ्या माणसाने घरच्या घरी दारू एकदम तोडायची नसते. शरीर तिला इतकं धरून असतं की अचानक बंद केली तर पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते, त्यानंतर भ्रम होऊ शकतो, आणि त्यात जीवही जाऊ शकतो. दुसऱ्या रात्री हॉलमध्ये, झोपलेल्या माणसांच्या मधोमध, मला फिट आली. बायको सांगते, दात इतके घट्ट आवळले होते की ओठ फाटून रक्त आलं. पाळकसाहेब आणि ड्रायव्हरकाकांनी मला उचलून सरकारी दवाखान्यात नेलं. अर्धं शहर पाण्यात, रिक्षा मिळेना. काकांच्या ओळखीच्या एका दूधवाल्याची गाडी मिळाली.

वॉर्डातल्या त्या रात्री मला तुकड्यातुकड्यांनी आठवतात. फरशीवर पाणी चढताना मला दिसत होतं. खरं पाणी, गढूळ, त्यात तरंगणारी चप्पल. मी पाय वर घेऊन पलंगावर उकिडवा बसलो आणि ओरडायला लागलो की पोरं बुडतील. नर्सने इंजेक्शन दिलं, त्याला वेळ लागत होता. काका पलंगापाशी खाली बसले. त्यांनी खिशातला पांढरा रुमाल काढला, फरशीवर फिरवला आणि माझ्या हातात दिला.

"बघ. कोरडा हाय का न्हाई?"

मी चाचपला. कोरडा होता. पाच मिनिटांनी मला पुन्हा पाणी दिसायला लागलं. त्यांनी पुन्हा रुमाल फिरवला, पुन्हा माझ्या हातात दिला. "बघ. कोरडा." असं किती वेळा झालं देव जाणे. मधूनमधून ते तेविसावं स्तोत्र म्हणत होते, आणि शब्बाथशाळेत पाठ केलेले ते शब्द माझ्या तोंडातून आपोआप बाहेर पडत होते. बाकी कशाचं भान नव्हतं, पण शब्द चुकले नाहीत. उजाडलं तेव्हा रुमाल फरशीच्या धुळीने काळा झाला होता.

बारा दिवस दवाखान्यात होतो. बी-वन जीवनसत्त्वाची इंजेक्शनं, थरथर कमी करणाऱ्या गोळ्या, त्याही रोज थोड्या थोड्या कमी करत नेलेल्या. डॉक्टरांनी हे समजावून सांगितलं तेव्हा काका मान हलवत म्हणाले, "म्हंजे घाट उतरल्यागत. नुसत्या ब्रेकवर उतरलास की ब्रेक तापतो आणि गाडी हातची जाते. ज्या गिअरात चढलास त्याच गिअरात उतरायचं." डॉक्टर हसले आणि म्हणाले, बरोबर.

इथून पुढे सगळं सुरळीत झालं असतं तर बरं झालं असतं. झालं नाही.

पूर ओसरल्यावर नोव्हेंबरात एका घरगुती प्रार्थनासभेला बाहेरगावचे एक प्रचारक आले होते. त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवून सांगितलं, तू पूर्ण मुक्त झालास, आता गोळ्या खाणं म्हणजे अविश्वास. मला ते हवंच होतं. कोणाला नको असतं? घरी येऊन मी गोळ्या संडासात ओतल्या. दवाखान्याच्या फेऱ्या बंद केल्या. महिनाभराने पगारावरून मालकाशी वाजलं आणि त्या संध्याकाळी पाय आपोआप जुन्या दुकानाकडे वळले. एका रात्रीत सगळं पहिल्यासारखं.

पाळकसाहेबांना कळलं तेव्हा ते माझ्यावर चिडले नाहीत, त्या सल्ल्यावर चिडले. त्यांना इतकं कळवळून बोलताना मी पहिल्यांदाच पाहिलं. म्हणाले, "भाऊ, मिरजेला डॉ. वानलेस यांनी 1894 साली दवाखाना उभा केला तो कशासाठी? ते मिशनरीच होते. सकाळी प्रार्थना करून ऑपरेशनला उभे राहायचे. आपल्या लोकांना विश्वास आणि औषध यांत भांडण लावायला कोणी शिकवलं?" माझ्या मते आमच्या भागातल्या ख्रिस्ती माणसाने तरी हे कधी विसरू नये. आमच्या कित्येकांच्या घरात मिरजेच्या नर्स आणि कंपाउंडर होऊन गेले. त्यांच्या हातातली औषधाची बाटली आणि उशाचं पवित्र शास्त्र एकाच घरात सुखाने राहत होतं.

त्या वर्षीच्या 31 डिसेंबरला, वॉच नाइटच्या उपासनेला, मी पिऊनच गेलो. का गेलो ते सांगता येत नाही. मागच्या शेवटच्या बाकावर बसलो. शेजारचं कुटुंब उठून पुढे गेलं. एकाने बायकोला बाहेर गाठून विचारलं, अशा माणसाला कशाला आणता? तिने आणलंच नव्हतं. मला त्या माणसाचा राग नाही, त्याच्या लेकरांसमोर वास मारत बसलेला मी होतो. पण तेवढ्यात पुढच्या रांगेतून ड्रायव्हरकाका उठले. वडीलजनांची जागा पुढे असते, सगळ्यांना दिसेल अशी. ते मधल्या वाटेने सावकाश मागे चालत आले आणि माझ्या शेजारी बसले. बाराच्या ठोक्याला सगळे गुडघ्यावर आले तेव्हा मला खाली वाकता येईना, तोल जात होता. त्यांनी माझा दंड धरून ठेवला. चर्चमध्ये नवीन वर्षाचं गाणं सुरू झालं आणि मी ढसाढसा रडलो. दारूचं रडणं होतं की आणखी कसलं, तेव्हा ठरवता आलं नाही.

8 जानेवारी 2020 ला मी स्वतःच्या पायांनी डॉक्टरांकडे गेलो. त्या दिवशी काही विशेष घडलं नव्हतं, एवढंच की मला त्या रुमालाची आठवण होत होती. पुन्हा दहा दिवस भरती, पुन्हा गिअर एकेक करून खाली. घरी आलो त्याच्या दुसऱ्या दिवशी संध्याकाळी बरोबर साडेसहाला दारात जुनी स्कूटर थांबली.

"चल, जाऊन येऊ."

"कुठं काका?"

"बस की मागं."

त्यांनी मला गंगावेशीत नेलं. कोल्हापूरकरांना तिथला दुधाचा कट्टा माहीत आहे. म्हशी उभ्या असतात, गवळी समोर धार काढतो आणि ते फेसाळलेलं कोमट दूध थेट ग्लासात. पैलवानांची जागा ती. मी लहानपणी वडिलांबरोबर गेलो होतो, त्यानंतर नाही. काकांनी दोन ग्लास घेतले. मी दोन्ही हातांनी ग्लास धरला तरी फेस कडेवरून मनगटावर ओघळला. त्यांनी पाहिलं आणि दुसरीकडे बघितलं. मग आम्ही रंकाळ्याला गेलो, कट्ट्यावर बसलो, ते अणुस्कुऱ्याच्या आणि आंब्याच्या वळणांबद्दल बोलत राहिले. साडेआठला मला घरी सोडून गेले. दारूबद्दल एक शब्द नाही.

दुसऱ्या दिवशी साडेसहाला पुन्हा स्कूटर. तिसऱ्या दिवशी पुन्हा.

नंतर मला कळलं की त्यांनी बायकोला विचारून घेतलं होतं, हा घसरतो तो नेमका किती वाजता? तिने सांगितलं होतं, साडेसहा ते साडेआठ. साडेआठ वाजून गेले आणि पोटात अन्न पडलं की तो दिवस निघतो. म्हणून त्यांनी माझ्या आयुष्यातले तेवढेच दोन तास उचलून स्वतःच्या अंगावर घेतले. सत्तरीला टेकलेला माणूस. घरी काकूंना सांधेदुखी, मुलगा पुण्याला. थंडी असो, लग्नकार्य असो, साडेसहा म्हणजे साडेसहा. ज्या दिवशी त्यांना जमणार नसे त्या दिवशी तरुण संघातला एक मुलगा यायचा, तोही स्वतःची बाइक घेऊन, "काकांनी पाठवलंय" म्हणत.

मी त्यांना एकदा विचारलं, काका, माझ्यासाठी एवढं का करता? त्यांनी खूप वेळ उत्तर दिलं नाही. मग म्हणाले, "सहा वर्षं चिठ्ठी मी वाचतुया तुझी. नुसती वाचून कसं चालंल?"

मार्चमध्ये लॉकडाऊन लागलं. दुकानं बंद झाली ते माझ्या पथ्यावर पडलं, पण स्कूटरही बंद झाली. मग साडेसहाला फोन यायचा. पहिल्यांदा ते वचनाची एक-दोन ओवी वाचत, मग दिवसभर काय केलं विचारत, मग नुसतेच थांबत. कधीकधी दोघेही काही न बोलता फोन कानाला लावून बसायचो. त्यांच्याकडच्या भिंतीवरच्या घड्याळाची टिकटिक मला ऐकू यायची. मेच्या सुरुवातीला दारूची दुकानं पुन्हा उघडली आणि राज्यभर रांगा लागल्या. त्या दिवशी फोन साडेसहाला नाही, दुपारी बारालाच आला, आणि रात्री दहापर्यंत चार वेळा आला.

त्याच काळात डॉक्टरांच्या सांगण्यावरून मी ए.ए.ची, म्हणजे दारू सोडू पाहणाऱ्यांच्या अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस या गटाची वाट धरली, आधी फोनवर, मग सगळं खुलं झाल्यावर प्रत्यक्ष. तिथे धर्म विचारत नाहीत. सुतार, वकील, शेतकरी, सगळे गोल बसतात आणि आजचा दिवस कसा गेला एवढंच सांगतात. मला भीती होती की पाळकसाहेबांना हे आवडणार नाही, चर्च असताना हे कशाला असं म्हणतील. ते म्हणाले, "जिथे खरं बोलायला मिळतं तिथे जा. रविवारी इकडे ये." मी दोन्हीकडे जातो. जे फक्त दारूड्यालाच सांगता येतं ते तिथे सांगतो. ज्याच्यासमोर काहीच सांगावं लागत नाही, त्याच्यासमोर इथे बसतो.

हात थांबायला वेळ लागला. ते एका सकाळी घडलं नाही. कारखान्याने मला काढलं होतं, ते बरोबरच होतं. मंडळीतल्या एकांनी स्वतःच्या छोट्या वर्कशॉपमध्ये मला पॅटर्नना पॉलिश पेपर मारायचं काम दिलं, पटाशी हातात दिली नाही. तीन महिने मी फक्त घासत होतो. मग एकदा एका व्हॉल्व्हच्या बॉडीचा कोअर बॉक्स, म्हणजे आतल्या पोकळीसाठी वाळूचा गाभा घडवायचा लाकडी साचा, अडला होता, करणारा माणूस गावी गेलेला. मालक म्हणाले, बघतोस का? मी पटाशी दगडावर लावली, पाणी टाकून, सावकाश. सागवानाची पहिली कपची निघाली ती कांद्याच्या पापुद्र्यासारखी पातळ, अखंड, वळून माझ्या अंगठ्यावर बसली. मी ती खिशात घालून घरी नेली आणि बायकोला दाखवली. तिला पॅटर्नमधलं काही कळत नाही. तिने ती कपची पवित्र शास्त्रात घालून ठेवली. अजून तिथेच आहे.

आता डब्याची गोष्ट. मला वाटतं सगळ्यांत जास्त मी तिथे बदललो.

रविवारी वाचून झालेल्या चिठ्ठ्या महिला मंडळाकडे जातात. बुधवारी दुपारी त्या बायका जमून एकेका चिठ्ठीसाठी पुन्हा प्रार्थना करतात. बाकीच्या चिठ्ठ्या पुढे काय होतात मला माहीत नाही, पण मंडळाच्या एका मावशींनी "एका बहिणीच्या पतीसाठी" असलेल्या सगळ्या जपून ठेवल्या होत्या. मला दारू सोडून वर्ष झालं तेव्हा त्या घरी आल्या आणि बिस्किटांचा एक जुना पत्र्याचा डबा माझ्या हातात दिला. "हे तुझं," एवढंच म्हणाल्या.

ती रात्र मी एकटा बसून ते वाचत होतो. माझ्या बायकोचं अक्षर. सुरुवातीच्या चिठ्ठ्या लांब होत्या. "एका बहिणीच्या पतीसाठी, त्यांची नोकरी टिकावी, व्यसन सुटावं, त्यांना सद्बुद्धी मिळावी." मग आखूड होत गेल्या. "व्यसन सुटावं." मग, "त्यांनी मुलांवर हात उचलू नये." ही चिठ्ठी वाचली तेव्हा मी डबा बंद करून अंगणात गेलो. बऱ्याच वेळाने परत येऊन पुढचं वाचलं. एकावर फक्त "आज घरी यावेत" होतं. शेवटच्या वर्षातल्या बऱ्याच चिठ्ठ्यांवर तर काहीच मागणं नव्हतं, नुसतं "एका बहिणीच्या पतीसाठी". तिला काय मागावं तेही सुचेनासं झालं होतं. पण चिठ्ठी टाकायची तिने थांबवलं नाही, आणि त्या बायकांनी बुधवारी बसायचं थांबवलं नाही. मी ज्या दुपारी गुत्त्यावर बसलेलो असेन, त्याच दुपारी सात-आठ बायका सतरंजीवर बसून माझं नाव देवाजवळ घेत होत्या. कागदावर नसलेलं नाव त्यांच्या तोंडी होतं.

मी लहानपणापासून ऐकत आलो होतो की देव माणसाला शोधत येतो. मला वाटायचं, ही बोलायची पद्धत आहे. त्या रात्री मला कळलं की तो कसा आला होता. दूधवाल्याच्या गाडीतून, जुन्या स्कूटरवरून, बिस्किटांच्या डब्यातून. मी उठून झोपलेल्या बायकोच्या पायांवर डोकं ठेवलं. ती दचकून जागी झाली, म्हणाली, "अहो, काय झालं? कुणाचा फोन आला काय?"

मुलांचं वेगळं. त्यांची क्षमा मागून मिळत नाही, ती त्यांच्या वेळेने येते. मुलगी बरीच वर्षं संध्याकाळी मी आलो की जवळ यायची, गळ्यात पडायची आणि श्वास घ्यायची. वास तपासायची. मला कळायचं, मी उभा राहायचो, तिला हवा तेवढा वेळ घेऊ द्यायचो. त्याबद्दल आमचं कधी बोलणं झालं नाही.

2021 च्या जुलैत पुन्हा पूर आला, 2019 पेक्षाही पाणी वर चढलं. आम्ही तोवर खोली बदलून उंचावर आलो होतो. हॉल पुन्हा भरला. या वेळी टँकरच्या रांगेत बादल्या पुढे सरकवणाऱ्यांत मी होतो, आणि पिठलं हाटायला मला कुणी दिलं नाही, महिला मंडळ ते काम पुरुषांवर सोडत नाही. चौथ्या दिवशी दारात एक माणूस भिजलेला उभा होता, वास येत होता, आत यायला लाजत होता. मी ताटली घेऊन गेलो आणि त्याच्याशेजारी जेवायला बसलो. तो जेवून निघून गेला, पुन्हा दिसला नाही. त्याचं पुढे काय झालं असेल असं वाटत राहतं. माझी बायको त्याच्यासाठी चिठ्ठी टाकते.

त्या डिसेंबरात उपकारस्तुतीच्या उपासनेत पाळकसाहेबांनी मला साक्ष द्यायला उभं केलं. मी बरंच लिहून नेलं होतं. समोर उभा राहिलो, पहिल्या रांगेत काका, डाव्या हाताला महिला मंडळ, आणि सगळं विसरलो. मी एवढंच म्हणालो, "तो पती मी आहे. माझं नाव अमुक." आणि नाव सांगितलं. मावशींनी पदर डोळ्यांना लावला. मंडळी गाण्याला उभी राहिली आणि मी जागेवर येऊन बसलो. ज्या माणसाने वॉच नाइटला बायकोला बाहेर गाठलं होतं, त्याने उपासना सुटल्यावर माझा हात हातात घेतला, बराच वेळ सोडला नाही.

त्याला आता काही वर्षं झाली. काकांनी स्कूटर विकली, नजर कमी झाली होती. यंदा मिरजेला त्यांच्या दोन्ही डोळ्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. त्यानंतर कित्येक आठवडे डोळ्यांत थेंब घालावे लागतात, वेगवेगळ्या बाटल्या, दोन थेंबांमध्ये पाच-पाच मिनिटांचं अंतर. काकूंची बोटं सांध्यांनी वाकडी झाली आहेत, त्यांना बाटली दाबता येत नाही. सकाळ-दुपारचे थेंब शेजारची मुलगी घालते. संध्याकाळचे माझ्याकडे आहेत.

साडेसहाला मी जातो. वाटेत गंगावेशीतून किटलीत दूध घेतो. ते खुर्चीत मान मागे टाकून बसतात. मी हात धुतो, डाव्या हाताच्या बोटाने त्यांची खालची पापणी हलकेच ओढतो आणि उजव्या हाताने बाटली धरतो, डोळ्याच्या वर अर्ध्या इंचावर. बाटलीचं टोक डोळ्याला लागता कामा नये, डॉक्टरांनी बजावलंय. एक थेंब, मधोमध.

परवा मी थेंब घातला आणि ते डोळे मिटून म्हणाले, "पडला का रं?"

"पडला, काका."

"मला कळला बी न्हाई."

मग आम्ही दुसऱ्या बाटलीसाठी पाच मिनिटं थांबलो. भिंतीवरचं घड्याळ टिकटिकत होतं.